चष्मा वर

३ फेब्रुवारी

ताई,

काल डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकायला लावला, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायला सांगितलं आणि विचारलं, "मधोमध काय दिसतं?"

"भिंत."

"भिंत दिसते, की तिथे भिंत असणार असं तुम्ही धरून चालता?"

मी बराच वेळ बघत राहिले. मला खरंच माहीत नाही, ताई. काळं म्हणावं तर काळं नाही, पांढरं म्हणावं तर तेही नाही. शाळेपासून तू मला 'उत्तरपत्रिका' म्हणून चिडवत आलीस. म्हटलं, तुला कळवावं की एवढं शिकून समोरच्या भिंतीवर काय आहे ते मला सांगता येईना.

काळजीचं काही नाही. इथे सगळ्यांनाच डोळे तपासून घ्यावे लागतात. अक्षर वाकडं आलंय ते पेनमुळे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. खरं तर तू फोन कापतेस, पण 'उचलत नाहीस' म्हटलं की जरा घरातलं वाटतं. बाबा गेल्यानंतरचं आपलं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं, आणि तुलाही आठवत असणार, म्हणून ते इथे उगाळत नाही. शाळेतली नोकरी दारात आली होती, ती मी घेतली नाही. आई तुझ्याकडे राहिली, मी इकडे आले. "दगडावर उजेड पाडून कुणाचं भलं झालंय?" हे तुझं शेवटचं वाक्य. मी ते इथे सगळ्यांना सांगितलं. आमच्या प्रयोगाच्या खोलीत ते फार लोकप्रिय आहे.

पुढचं पान आईला वाचून दाखव. हे पान दाखवू नकोस.

आई, तू ताईच्या कार्डातून विचारलंस की मी दिवसभर करते तरी काय. सांगते. लोहचुंबक तुला माहीत आहे, टाचण्या उचलतो. त्याच्या आतले सगळे अणू लहान लहान चुंबक असतात आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात. पण काही पदार्थ असे असतात की त्यातला प्रत्येक अणू चुंबकच, फक्त शेजारचा बरोबर उलट्या तोंडाचा. हा वर, तो खाली, पुन्हा हा वर. बेरीज शून्य. त्याला टाचणी काय, लोखंडाचा कणसुद्धा चिकटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. (तू आणि बाबा पाहुण्यांसमोर बसायचात तसं.) माझ्याकडे असा एक स्फटिक आहे, नखाएवढा, हिरवट. त्यावर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर दिला आहे. मी त्यावर उजेडाचा किरण टाकते. साधा नाही, दोरीला देतात तसा पीळ दिलेला. तो पीळ आतल्या अणूंना लागतो, ते भोवऱ्यासारखे डुलतात आणि ती फिरकी एकाकडून दुसऱ्याकडे जात जात प्लॅटिनमपर्यंत पोचते. जागचं कुणीच हलत नाही. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात भांडी पुढे देतात ना, तसं. बायका जागेवर, भांडी पुढे. विजेची तार गरम होते, हे गरम होत नाही. उद्या मोठमोठी यंत्रं अशी चालली तर किती आग वाचेल, विचार कर. फिरकी घेत नाहीये तुझी, खरंच फिरकीच म्हणतात.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ते इथे नीट उतरवून ठेवते, कारण एवढं सरळ मला बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नाही. "पेन बदलून ओळी सरळ होत नाहीत. मी दिवसभर लोकांची डोकी हातात धरून केस कापते, तिरकं काय ते मला कळतं. डोळ्याला काय झालंय ते लिही. आईला बोलले नाही. आणि फोन मी कापत नाही, हात रंगात असतात."

लिहिते.

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर भाजलं आहे. अगदी मध्ये, जिथे आपण बघतो त्याच जागी. कडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, दाराची कडी बघायला गेलं की कडी जाते. कागदावरची रेघ तिथे येऊन वाकते. डॉक्टरबाई म्हणतात, तिथे आता काही उगवणार नाही. डोकं आजूबाजूचा रंग उचलून तिथे भरून टाकतं, म्हणून भोक दिसत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की मला रस्ता ओलांडता येतो, तुझं कार्डही वाचता येतं. फक्त लवकर दमायला होतं.

कसं झालं ते विचारशीलच. आमचा किरण जवळजवळ अदृश्य असतो, मंद तांबूस ठिपका पडतो तेवढाच. डोळ्यांना संरक्षण म्हणून जाड हिरव्या काचेचा चष्मा असतो. तो नेमका तोच रंग अडवतो. म्हणजे चष्मा घातला की ठिपका दिसत नाही आणि ठिपका दिसल्याशिवाय किरण स्फटिकावर नेता येत नाही. यावर उपाय आहे. कॅमेरा लावून पडद्यावर बघायचं. कॅमेरा कपाटात आहे, खोक्यात. त्याने एक किरण जुळवायला सकाळ जाते, डोळ्याने जुळवला की चहा गरम असतानाच काम होतं. म्हणून आमच्या खोलीत एक शब्द आहे. ज्याला ठिपका शोधायचा तो म्हणतो, "चष्मा वर." की सगळे चष्मा कपाळावर चढवतात. ठिपका सापडला की "खाली". हे कुठे लिहिलेलं नाही. मला पंडितने शिकवलं. पंडित म्हणजे आमच्यातला थोरला, प्रत्येक गोष्टीवर प्रवचन देतो म्हणून पंडित. त्याला त्याच्या आधीच्या कुणीतरी शिकवलं. नव्या आलेल्या मावशींना मी शिकवते. मावशी माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत, मुलगी कॉलेजात आहे, शाळेत शिकवणं सोडून संशोधन करायला आल्या. त्यांना जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर आहेत. म्हणतात, "चष्म्यावर चष्मा, त्यावर कपाळ. देवाने मला नाक एकच दिलंय, अगं."

त्या दिवशी मीच म्हटलं, "चष्मा वर." वाकले. पंडित स्फटिक सरकवायची खुंटी फिरवत होता. स्फटिकाच्या कडेवरून किरण उडाला. डोक्याच्या आत 'फट्' असा आवाज झाला, बाहेर कुणालाच ऐकू आला नाही. मी "सापडला" म्हटलं आणि चष्मा खाली घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला काही बोलले नाही. मला वाटत होतं की थोड्या वेळाने जाईल.

कुणी वाईट वागलं नाही. ज्यांच्या हाताखाली आम्ही सगळे काम करतो ते सर स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले, वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. आता एक चौकशी होईल म्हणे, रीतीप्रमाणे.

आईला सांग, नवा चष्मा लागला.

तुझी,
धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

चौकशी झाली. एका लांबट खोलीत आम्हाला सगळ्यांना एकत्रच बसवलं. सुरक्षा विभागाच्या बाई समोर होत्या, करड्या केसांच्या, तुझ्या दुकानात आल्या तर तू म्हणशील की कुणीतरी बोथट कात्री चालवली आहे. आवाज शांत. त्यांनी विचारलं, चष्मे पुरेसे आहेत का? आहेत. सगळ्यांना दिले आहेत का? दिले आहेत. अपघात झाला तेव्हा कुणाच्या डोळ्यांवर चष्मा होता? पंडित म्हणाला, "माझ्या होता." मावशी म्हणाल्या, "माझ्याही होता बहुतेक. म्हणजे, ती 'चष्मा वर' म्हणाली तेव्हा मी दाराकडे होते, त्यामुळे..."

बाईंनी मान वर केली. "'चष्मा वर' म्हणजे काय?"

मावशींचा चेहरा असा झाला की जणू हातातून काचेचं भांडं सुटलंय.

मग सर म्हणाले, अगदी सहज, "घाम आला की चष्मा नाकावरून घसरतो. मी मुलांना सारखं सांगत असतो, चष्मा वर करा, नीट बसवा. ती आमच्याकडची आठवण करून द्यायची पद्धत आहे." आणि त्यांनी स्वतःचा साधा चष्मा बोटाने वर सरकवून दाखवला.

ताई, मला क्षणभर हसू आलं. आपल्याच बोलीतला शब्द, तोच, तसाच, आणि त्याचा अर्थ एका बोटाने फिरवून टाकला. कपाळावरचा चष्मा नाकावर येऊन बसला. खोटं एकही अक्षर नाही. चष्मा वर म्हणजे चष्मा वर.

बाईंनी आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरोबर?" पंडितने मान हलवली. मावशींनी हलवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच बसले होते, त्यामुळे उजव्या डोळ्यापुरता त्यांचा चेहरा नव्हताच.

मीही मान हलवली.

बाहेर आल्यावर पंडित म्हणाला, "सरांनी काय व्याकरण केलं, मानलं." मी म्हटलं, "तू प्रवचन का नाही दिलंस?" तो म्हणाला, "माझा प्रबंध महिन्यावर आला आहे, बाई. नंतर पाहिजे तेवढी देतो." तो वाईट नाही. संध्याकाळी त्याने मला डोळ्यात घालायच्या थेंबांची दुसरी बाटली आणून दिली, माझी संपत आली असणार हे त्याच्या लक्षात होतं.

तुला आठवतं, मी तुला एकदा म्हटलं होतं की मला हेच काम का करायचंय? कारण इथे जे पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. जास्त नाही, कमी नाही, कुणाचा मान ठेवून नाही. तू म्हणाली होतीस, "अशी जागा असेल तर मलाही घेऊन चल, झाडायला येते."

झाडायला येऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

ताई,

आज सांगण्यासारखं काहीतरी आहे. दिसलं.

आईच्या पानावर मी पिळाचं लिहिलं होतं. किरणाच्या वाटेत एक पातळ चकती असते, ती फिरवली की उजवा पीळ डावा होतो. उजव्या पिळाला प्लॅटिनममध्ये विजेचा अगदी इवलासा झटका यायचा, हे आम्हाला आधीपासून मिळत होतं. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. किरणाच्या नुसत्या उष्णतेनेही तसा झटका येऊ शकतो. खरी परीक्षा ही, की पीळ उलटला तर झटकाही उलटला पाहिजे. उष्णतेला उजवं-डावं कळत नाही. फिरकीला कळतं.

मला आता किरणाजवळ बसू देत नाहीत, मी पलीकडच्या खोलीत आकडे बघते. पंडितने चकती फिरवली. पडद्यावरची रेघ हळूहळू उमटत होती आणि ती खाली गेली. शिखर होतं तिथे दरी. तेवढीच खोल. मावशी दारातून ओरडल्या, "काय झालं? कुणीतरी बोला." मी डावा डोळा झाकून पाहिलं, का कोण जाणे. रेघ आली, आली आणि नेमकी दरीच्या जागी नाहीशी झाली. मग पलीकडून पुन्हा निघाली. दरी बघायची तर नजर शेजारी ठेवावी लागते.

तरी ती तिथे होती. ताई, ज्या दगडाला टाचणी चिकटत नाही, ज्याला जग शून्य म्हणतं, त्याला उजेडाने विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. उलटं विचारलं तर उलटं उत्तर दिलं. हे पाहणारी आपल्या घरातली मी पहिलीच, आणि बहुतेक कुठल्याही घरातली.

एकदा दिसलेलं मात्र आमच्यात धरत नाहीत. दुसऱ्या स्फटिकावर पुन्हा तसंच दिसलं पाहिजे. तो स्फटिक आला आहे, त्यावर थर द्यायचं काम चालू आहे. आणखी एक गट याच्याच मागे आहे, फार लांब नाही. आधी ज्यांचं छापून येईल त्यांचं.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. चहा मागवला. मग एक कागद पुढे केला, टंकलेला, खाली माझ्या नावाची जागा. त्यात लिहिलं आहे की मी सूचना असूनही स्वतःच्या मर्जीने चष्मा काढला आणि हा वैयक्तिक निष्काळजीपणा होता. चौकशीच्या बाईंना शेवटी एवढंच हवं आहे, म्हणाले. मग सगळं मिटतं.

मी म्हटलं, "सर, मर्जीने सगळेच काढतात."

"माहीत आहे."

"मग तसं लिहू या ना."

"तसं लिहिलं की खोलीला टाळं लागेल. वर्ष जाईल, कदाचित जास्त. तुझी पदवी राहील, पंडितला मिळालेली नोकरीची जागा जाईल, मावशींना वयामुळे पुन्हा कुणी घेणार नाही. आणि आज जे दिसलं ते दुसऱ्याच्या नावावर जाईल. एका ठिपक्यासाठी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "मलाही आहे एक. डाव्या डोळ्यात, तुझ्याएवढा मोठा नाही. तुझ्या वयाचा होतो. माझ्या सरांना मी सांगितलंसुद्धा नाही. सवय होते, अगं. डोकं भरून काढतं."

ते मला समजवायला म्हणाले असतील. ते इतकी वर्षं त्या डोळ्याने आमच्याकडे बघत होते आणि रोज सकाळी खोलीत आले की पहिला शब्द त्यांचाच असायचा. चष्मा वर.

कागद माझ्याकडे आहे. सही केलेली नाही. काय करू?

तुझी,
धाकटी

१८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र, कार्ड नव्हे. आपल्या भांडणानंतरचं पहिलं, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. म्हणजे तू दुकान बंद ठेवलं असणार.

तू लिहितेस, "सही कर. तू काय स्वतःला कोण समजतेस? डोळा गेला तो गेला, तो कागदाने परत येणार नाही. निदान ज्यासाठी गेला ते तरी पदरात पाडून घे. तू शाळेची नोकरी नाकारलीस तेव्हा मी आईला काय तोंडाने सांगितलं ते माझं मला माहीत. ती बाई शेजारणीला सांगते, माझी धाकटी उजेडाची डॉक्टर होणार. आता अर्ध्यावर आलीस तर मी तिला काय सांगू, की दगडही गेला आणि उजेडही गेला? मी तुझ्यावर रागावले, अजून आहे. पण तू हरून यावं असं मला कधीच वाटलं नाही. ते तुला कळत नसेल तर तुझा दुसरा डोळाही तपासून घे."

हे वाचून मी रडले आणि मग हसले, आणि खोलीवरच्या मुलीने विचारलं, चांगली बातमी आहे का. मी हो म्हटलं.

तू सांगतेस त्यात एकही चूक मला काढता आली नाही. मी प्रयत्न केला. तुला माहीत आहे मी कशी बसते ते, कारणं एकाखाली एक मांडून. सही केली तर सगळ्यांचं भलं होतं. आईचं, पंडितचं, मावशींचं, सरांचं, त्या हिरव्या दगडाचंही. सही केली नाही तर एकाचंही होत नाही. माझा डोळा दोन्हीकडे तेवढाच राहतो. मग मी पेन हातात घेतलं. हे तुला कळावं म्हणून लिहिते, मी पेन हातात घेतलं होतं. म्हटलं, कामावर जाऊन सरांसमोरच करावी.

परवाची गोष्ट. कागद पिशवीत घेऊन मी गेले. सर आले नव्हते. लेसरच्या खोलीच्या दाराला एक लहान काच आहे, त्यातून मी आत पाहिलं. दुसरा स्फटिक लावून झाला होता. मावशी एकट्याच होत्या. त्यांनी जाड हिरवा चष्मा काढून बाजूला ठेवला, त्याखालचा नंबरचा चष्माही कपाळावर चढवला आणि टेबलाच्या कडेला गाल टेकवून, एक डोळा मिटून, किरणाच्या उंचीवर बघत होत्या. माझ्यासारख्याच. माझ्याहून खाली. आणि ओठ हलले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्या म्हणाल्या. मला काचेतून ऐकू आलं नाही, पण दोनच शब्द होते.

मी दार उघडलं तर किरण उडायचा धोका, म्हणून बाहेरचं तांबडं बटण दाबलं. किरण बंद झाला. मावशी बाहेर आल्या त्या चिडूनच.

"अगं काय हे, सापडत आला होता."

"मावशी, चष्मा?"

"आणि तू काय करायचीस? तूच शिकवलंस ना?"

"माझा डोळा गेला, मावशी."

"तो पंडितने खुंटी फिरवली म्हणून गेला. मी एकटी आहे, मी काही फिरवत नाही." मग जरा नरमल्या. "कॅमेरा लावायला घेतला होता. त्याची केबलच सापडत नाही. आणि सरांनी सकाळी फोन केला, त्या दुसऱ्या गटाचं काम छपाईला जातंय म्हणे. तूच सांग, मी काय करायचं?"

त्यांच्या नंबरच्या चष्म्याचा कपाळावर वळ उठला होता, तो त्या चोळत होत्या. त्यांची मुलगी त्यांना 'आमची नवी विद्यार्थिनी' म्हणते, हे त्या सगळ्यांना कौतुकाने सांगतात. त्यांनी माझा डोळा पाहिला आहे, माझं अक्षर पाहिलं आहे, माझ्याबरोबर दवाखान्यात बसल्या आहेत. तरी.

म्हणजे माझा डोळा जाऊन काहीच झालेलं नाही, ताई. तो कुणालाच कळलेला नाही. सरांचा गेला तेव्हाही काही झालं नसणार. भोक पडतं आणि आजूबाजूचं सगळं सरकून ते भरून टाकतं, आणि भिंत पुन्हा सलग दिसते. सही केली की मी त्या भिंतीचाच एक तुकडा होते.

हे मी फार शहाणपणाने लिहिते आहे असं समजू नकोस. मला यात काही उदात्त वाटत नाही. काल पंडित भेटला, म्हणाला, "झाली का सही?" मी म्हटलं, पेन चालत नाही. तो हसला. त्याच्या नव्या जागेचं पत्र त्याने मला पहिल्यांदा दाखवलं होतं, त्याच्या आईच्याही आधी.

आज दुपारी सर माझ्या खोलीवर आले. याआधी कधी आले नव्हते. एकच खुर्ची आहे, ती त्यांना दिली, मी पलंगाच्या कडेला बसले. ते थकलेले दिसत होते. खुर्चीच्या पाठीवर माझा टॉवेल वाळत होता, तो त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. दुसऱ्या स्फटिकावरही दिसलं, म्हणाले. काल संध्याकाळी. उजव्याला वर, डाव्याला खाली, पहिल्याहून स्वच्छ. छापायला देताना पहिलं नाव माझं असेल. त्यांनी मला छापलेली आकृती दाखवली आणि मी ती नीट पाहिली, डाव्या डोळ्याने. फार सुंदर आहे, ताई. तुला दाखवली असती तर तू म्हणाली असतीस, नुसती एक रेघ आणि तिची आरशातली सावली. तेवढंच आहे ते.

"आता फक्त तो कागद," सर म्हणाले. "मावशींनी मला बटणाचं सांगितलं. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. मी तुला जबरदस्ती करणार नाही. पण त्या सुरक्षेच्या बाईंकडे काही बोलायला जाण्याआधी एकदा सगळ्यांचा विचार कर. आईचा कर. घरातली तू पहिली शिकलेली, मीही माझ्या घरातला पहिलाच होतो, मला ठाऊक आहे ते काय असतं. घाई नको. उद्यापर्यंत विचार कर."

त्यांचा आवाज मऊ होता. मला त्यांचा राग यावा असं फार वाटत होतं, आणि येत नव्हता.

मी आकृती त्यांच्या हातात परत दिली आणि म्हटलं, "सर, मी सकाळीच जाऊन आले."

तुझी,
धाकटी